वळणसरांचं वळण

वळणसर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, आणि सरांना ते मनापासून आवडायचं. लँडस्केप आर्किटेक्चर शिकवणाऱ्या माणसाच्या नशिबी फार तर 'बागवाले सर' येतं. यांच्या नावावर अख्खा सिद्धांत होता.

कॉलेजच्या फाटकापासून लायब्ररीपर्यंत हिरवळ होती. मुलांनी ती तुडवून पायवाट पाडली होती, आणि ती पायवाट मधोमध काहीही कारण नसताना डावीकडे वळसा घेऊन पुन्हा सरळ व्हायची. झाड नाही, दगड नाही, खड्डा नाही. बारा वर्षं सर टेप आणि खुंट्या घेऊन त्या वळणाच्या हात धुऊन मागे लागले. शेवटी चारशे पानांत त्यांनी जाहीर केलं की माणसाच्या मनाला सरळ रेषा सोसत नाही, मोकळं सोडलं तर तो आपणहून वळतो. वळणाच्या पोटातलं गवत जरा जास्तच हिरवं होतं, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. माणूस त्या हिरवाईला मान देऊन वळतो असं ठरवून, 'आदराचा हिरवा बिंदू' असं नाव देऊन त्यांनी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातलं.

"अहो, मुलं का वळतात ते एकदा सकाळी जाऊन बघा की," बायको म्हणाली होती. तिने ते पुस्तक दोनदा टाइप केलं होतं, तेव्हा बोलायचा तिला थोडाफार हक्क होता.

"संशोधनातलं तुला काय कळतंय?" सर म्हणाले. मुलं आठला येत, सर अकराला. प्राध्यापकाने त्याआधी यावं असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नव्हतं.

विद्वानांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. परदेशातल्या बागांचे चांगले सरळ रस्ते उखडून वाकडे केले गेले. तिथले लोक मात्र गवत तुडवत सरळच जाऊ लागले. ते इतके अरसिक का, यावर सरांच्या एका विद्यार्थ्याने डॉक्टरेट मिळवली.

आता विद्वानांचं एक मंडळ महिन्याभरात मूळ वळण पाहायला येणार होतं. त्यांच्यासमोर तिथे सरांच्या नावाची पाटी लागायची होती. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार, त्यामुळे त्या पाटीत त्यांचा जीव अडकला होता. आणि नेमकं सुट्टीनंतर कॉलेज उघडून थोडे दिवस झाले, तेव्हा त्यांना दिसलं की वळणावर गवत उगवलंय आणि पायवाट सुतासारखी सरळ झालीय.

दुसऱ्या दिवशी, तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, सर सकाळी आठला हजर झाले. वॉचमनने घाबरून घरी सगळं ठीक आहे ना, असं विचारलं. मुलं नाकासमोर चालत लायब्ररीकडे जात होती. माळी पाइप गुंडाळत होता.

"माळीदादा, ही मुलं वळत का नाहीत?"

"आता कशाला वळतील, सर? नळ दुरुस्त झाला ना."

"कुठला नळ?"

माळ्याने त्या हिरव्या बिंदूकडे बोट दाखवलं. "इथं जमिनीतला सांधा सैल होता. आठ ते दहा पाणी सोडलं की कारंजं उडायचं. भिजायला नको म्हणून पोरं वळसा घालायची. तुम्ही येईपर्यंत उन्हानं सगळं सुकलेलं असायचं. सुट्टीत नव्या प्राचार्यांच्या पँटवर पाणी उडालं, तेव्हा कुठं प्लंबर आला."

"अहो, मग इतकी वर्षं कुणाला सांगायचं नाही?"

"दरवर्षी अर्ज दिला की. परिसर सुशोभन समितीला."

समितीचे अध्यक्ष, म्हणजे खुद्द सरच, खाली बघू लागले. ते सगळे अर्ज त्यांना आठवले, आणि प्रत्येकावर स्वतःच्या सुबक अक्षरातला शेराही आठवला. 'पुढील बैठकीत पाहू.'

सरांना लाज वाटली. अगदी कानाच्या पाळ्या तापेपर्यंत वाटली. मग मंडळ आठवलं, पाटी आठवली, आणि लाज हळूहळू ओसरली.

"माळीदादा," ते आवाज खाली आणून म्हणाले, "तो सांधा पुन्हा जरासा सैल करता येईल?"

माळ्याने गुंडाळलेला पाइप खाली ठेवला. "येईल की. पाना माझ्याकडंच आहे. पण लेखी अर्ज लागेल, सर."

सर तिथेच बाकावर बसले आणि मांडीवर वही घेऊन लिहू लागले. विषय : नळाचा सांधा पुन्हा सैल करणेबाबत. खाली अर्जदार म्हणून सही केली. मग अध्यक्षांच्या जागी हात आपोआप चालला, आणि थांबवेपर्यंत शेरा लिहूनही झाला होता : 'पुढील बैठकीत पाहू.'