दोन तासांच्या आत

मोहिनीने पळता पळताच गळ्यातला स्कार्फ सोडला, शर्यतीसाठी रस्त्याकडेला मांडलेल्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्यावर ओतला, आणि तो ओला स्कार्फ तोंडावरून, मानेवरून फिरवून दातात धरला. इथून पहिनेचा घाट लागत होता. खालून बघितलं तर वाटायचं, रस्ता डोंगरात घुसलाय आणि बाहेर यायचा विसरलाय.

"वैनी, ठोके किती दाखवतंय?" मागून सायली ओरडली. सायली सिन्नरची, बँकेत कामाला. दर रविवारी दोघी बरोबर पळायच्या, आणि चढाला सायली कायम पुढं असायची. आज मागं होती.

मोहिनीने मनगट वर केलं. एरवी या वळणावर छातीत ढोल वाजायचा, घड्याळ बोंबलायला लागायचं. आज रस्ता वर चालला होता आणि आकडा खाली.

"बंद पडलं का काय गं तुझं घड्याळ?"

"घड्याळाला काय धाड भरली? इंजिन बदललंय माझं!"

मोहिनी हसली, आणि हसताना तोंडातून लाळ सांडली. तिने स्कार्फने पुसली.

मोहिनी माहेरची नांदगावची. दिली मखमलाबादला, हर्षलच्या घरात. अर्ध्या एकरात पॉलिहाऊस, त्यात लाल गुलाब. झुंजुमुंजु व्हायच्या आत फुलं तोडायची, खोक्यात भरायची, नाशिकच्या द्वारका चौकातून मुंबईच्या गाडीत टाकायची. एकदा गाडी सुटली, तर ही पोरगी डोक्यावर खोकं घेऊन गाडीमागं पळाली आणि सिग्नलला गाठलीच. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, भरतीला जा." भरतीचं वय निघून गेलेलं. पण दुसऱ्या दिवसापासून ती पाटाच्या रस्त्याने पळायला लागली.

गाव काय गप बसतं? पानटपरीवर एकाने विचारलं, "कोणाच्या मागं पळती गं?"

"तुझ्या मागं तर नाय ना? मग चुना लाव आन् गप बस."

खरी अडचण घरात होती. सासू, अंबूबाई. ती म्हणायची, "लोक मला विचारत्यात, तुमची सून पळून गेली का? मी म्हणते, गेली असती तर एकदाच गेली असती. ही रोज जाती आन् रोज माघारी येती!" दसऱ्याला सगळ्यांसमोर अंबूबाईने सोक्षमोक्ष लावला. घाटाच्या शर्यतीत दोन तासांच्या आत आलीस तर मरेस्तोवर पळ, मी तोंड उघडणार नाय. नाय आलीस तर बूट भंगारवाल्याला. अंबूबाईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सख्ख्या बहिणीच्या, लंकाबाईच्या घरचं पाणी पिणार नाय असं एकदा बोलली, तर पोराच्या लग्नाचं आमंत्रण द्यायलासुद्धा उंबऱ्याबाहेरूनच गेली.

मागच्या वर्षी मोहिनीला दोन तास अकरा मिनिटं लागली होती. ती म्हणाली, "ठरलं."

त्यात शनिवारी गुलाबाच्या पानांवर लाल कोळीची कीड दिसली. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, वर्षाची सगळी कमाई याच दिवसांत. हर्षल माल घेऊन गेलेला. उद्या शर्यत आहे म्हणून काम टाकलं तर सासूला आयतं कोलीत. मोहिनीने पडदे पाडले, पंप पाठीला लावला आणि एकटीने अख्खं हाऊस फवारलं.

या बाबतीत ती बेफिकीर नव्हती, हे आधी लिहून ठेवतो, कारण नंतर लोक वाट्टेल ते बोलले. तिच्याकडे एकसारखे दोन स्कार्फ होते. फवारणीच्या स्कार्फला कोपऱ्यात गाठ मारलेली. गाठीचा स्कार्फ पळायला कधीच नाही. औषध कालवायची निळी बादलीसुद्धा ती हौदाआड वेगळी ठेवायची.

रविवारी पहाटे तिचा बिनगाठीचा स्कार्फ बुटांवर घडी घालून ठेवलेला होता. धुतलेला. हात लावला तर अजून बंबाची ऊब होती. नाकात कालचा औषधाचा वास होता, पण तो दोन दिवस जातच नाही.

"आज लय माया आली?" ती हर्षलला म्हणाली.

"मग काय," हर्षल म्हणाला. आयतं श्रेय कोणता नवरा सोडतो?

थंडी मरणाची होती. तिने स्कार्फ नाकातोंडावर गच्च बांधला आणि गाडीवर मागं बसली.

घाटमाथ्यावर ऊन पडलं होतं, तरी मोहिनीला दिवेलागण झाल्यासारखं दिसत होतं. समोरचा डोंगर नुसता डाग. मांडीचं मांस आपोआप फडफडत होतं, गार वाऱ्यात घामाच्या धारा लागल्या होत्या. तिने एकदा स्कार्फचा कोपरा चाचपला. गाठ नव्हती. मग बरं.

सायलीने तिला गाठलं. "वैनी, थांब. तोंड बघ तुझं, राखेसारखं झालंय."

"थांबले की बूट भंगारात."

"अगं, जाऊ दे ना बूट!"

"तुझ्या सासूने घातलीय का अशी पैज? मग तुला काय कळणार!"

आणि ती उतारावर सुटली. सायली सांगते, तशी पळताना तिला कधी बघितलं नव्हतं. पाय तिचे नव्हतेच जणू. पाण्याच्या दर टेबलाला स्कार्फ भिजवायची, तोंड पुसायची, पुढं.

कमानीखालून आली तेव्हा वरचे आकडे तिला वाचता येईनात. "किती?" तिने विचारलं.

"आत! दोन मिनिटं आत आलीस!" हर्षल नाचत होता.

ती "आईंना सांगा" म्हणाली आणि उभीच्या उभी कोसळली. तोंडाला फेस.

दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यांत बॅटरी मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, फवारणीचं औषध अंगात भिनल्यावर होतात तशा. पहिला प्रश्न काय, तर "घरात भांडण झालं होतं का?" पोलीस आले. गावात बोभाटा झाला, सासूने छळलं, सुनेने औषध पिलं. हवालदाराने अंबूबाईला तोंडावर विचारलं. ती नुसती बाकड्यावर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी मोहिनीच्या नळ्या निघाल्या. जबाब घ्यायला आलेल्या बाईला ती म्हणाली, "औषध पिणारी बाई आधी घाट चढून दाखवती का हो?"

मग सगळ्यांनी ठरवलं, शनिवारची फवारणी अंगावर आली. विषय मिटला. अंबूबाईने शब्द पाळला. बूट धुऊन, नाड्या ओवून दाराशी ठेवले. वर म्हणाली, "पळ." पण मोहिनीचा उजवा पाय तेव्हापासून चढावर ऐकत नाही. आणि अंबूबाई त्या दिवसापासून कोणाच्या कपड्याला हात लावत नाही. स्वतःचं लुगडंसुद्धा हर्षलला मशीनमध्ये टाकायला लावते. म्हातारपण, असं वाटलं सगळ्यांना.

खरं कळलं पाडव्यानंतर, लंकाबाईकडून. ज्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाली होती, त्या घरी अंबूबाई एक दिवस चालत गेली, तांब्याभर पाणी मागून प्याली आणि बोलली. शनिवारी दिवस कलल्यावर सुनेचा पळायचा स्कार्फ तिनेच धुतला होता. उद्या पोरगी चार लोकांत जाईल, स्वच्छ असावा म्हणून. धुवायच्या आधी तो तिने हौदाआडच्या निळ्या बादलीत भिजत घातला होता.