सेक्रेटरीची बादली

आमच्या बोरिवलीच्या बेडरूममध्ये बाराही महिने पाऊस पडतो. तोही फक्त माझ्या उशीवर!

वरच्या मजल्यावर पेडणेकर वहिनी राहतात. गळकी मोरी त्यांची, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीही त्याच. म्हणजे तक्रार करायची ती त्यांच्याचकडे! शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. (त्याला फार वेळ लागत नाही.) मी चपला चढवल्या.

"मोरीचं तेवढं बोला आणि या," बायको म्हणाली. "भलतंच काही कबूल करून बसू नका."

"मी? फुटपाथवर भांडी विकून दुकान उभं केलंय मी, सुनंदा! मला कोण गुंडाळणार?"

वहिनींनी दार उघडलं, मी तोंड उघडलं. "वहिनी, तुमची ती मोरी..."

"अगो बाई, काय भारदस्त आवाज! भाऊ, असा आवाज मीटिंगला हवा होता हो!"

तोच आवाज मी जरा खाली आणला. तेवढ्यात समोर सोलकढी आली.

"शून्यातून वर आलेला माणूस लगेच कळतो, भाऊ. मी आपली नावाला सेक्रेटरी. खरा मान तुमचा!"

"छे, तसं काही नाही," मी म्हणालो. पण अगदी हळू.

"मग व्हाल का तुम्ही?"

धंद्यातला माणूस लगेच हो म्हणत नसतो. मी ताणून धरलं! ऑफिसची चावी माझ्याकडे, लिफ्टपाशी माझ्या नावाची पाटी, मीटिंगला पंख्याखालची खुर्ची. वहिनी "बाई गं, फारच कडक तुम्ही" म्हणत एकेक अट मान्य करत गेल्या. पार पिळून काढलं मी त्यांना!

दारात आल्यावर आठवलं. "आणि मोरी?"

"ते आता सेक्रेटरी बघतील ना, भाऊ!"

मीटिंगमध्ये माझ्याविरुद्ध एकही हात वर झाला नाही. (तेव्हाच संशय यायला हवा होता!) दुसऱ्याच दिवशी मी वहिनींना मोरीबद्दल खरमरीत नोटीस धाडली. त्या जिन्यात भेटल्या. "काय भाषा आहे, भाऊ! मी फ्रेम करून हॉलमध्ये लावलीय."

मोरी आहे तशीच आहे.

सुनंदा टोमणा मारेल म्हणून मी तयारीत होतो. पण ती एवढंच म्हणाली, "काही म्हणा, उशीशी बादली लावावी तर तुम्हीच. एक थेंब बाहेर जात नाही!"

इतके दिवस ती लावायची. आता रोज मीच लावतो. आणि खरं सांगू? तिचं म्हणणं काही खोटं नाही!