अर्ध्यात पाव

वडवणीहून अंबाजोगाईला निघालेल्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. चाळिशीची बाई, गळ्यात शिलाईचा टेप, मांडीवर वही. बाहेरून दहावीला बसली होती आणि त्याच दिवशी गणिताचा पेपर होता.

वहीत तिनं अर्धा अधिक पाव मांडलं. वरचे आकडे मिळवले, खालचेही मिळवले. उत्तर आलं, सहातले दोन. मी निवृत्त गणितशिक्षक, मला राहवेना. तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "सांगू नका काका. पेपरात तुमी शेजारी नसणार."

मग स्वतःच थबकली. "अर्ध्या मीटर कापडाला पाव मीटर जोडलं, अन् कापड कमी कसं झालं?"

तिनं अर्धा मीटर टेप धरून मधोमध दुमडला. अर्ध्याचे दोन पाव झाले. त्यात आणखी एक पाव. ही पायरी लिहून तिनं खाली उत्तर मांडलं, पाऊण.

हीच चूक करणाऱ्या पोरांच्या वह्यांवर मी तीस वर्षं नुसत्या लाल रेघा ओढल्या. कापड कमी कसं झालं, हे एकालाही विचारलं नाही.

उतरताना मी म्हणालो, "टेप आत नेऊ देतील का?"

"न्हाई दिला तर पदर हाय की दुमडायला."