दोन कार्बोरेटर आणि अण्णांचे कान

जुनी गाडी पाळणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, डब्यात नटबोल्ट आणि तोंडात किस्से. नटबोल्ट कधीतरी भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र कुणी नेत नाही! परवा एका लग्नात आम्ही जुने वाशीकर भेटलो, तर पानातला मसालेभात गार झाला तरी साळवी अण्णांची फियाट काही संपेना. म्हटलं, आता लिहूनच काढावं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीतली आमची सोसायटी तेव्हा इतकी नवी होती की भिंतींना चुन्याचा वास यायचा. अण्णा आणि माई तळमजल्यावर राहायचे. अण्णा कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांची फियाट दिसायला चारचौघींसारखी, पण बॉनेट उघडलं की आत एकाऐवजी दोन कार्बोरेटर! दरवर्षी फेब्रुवारीत घाट चढायची शर्यत असायची. तिच्यासाठी डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये ट्यूनिंग चालायचं.

गँगमध्ये आम्ही तिघं. कदम सातारचे, मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर नोकरीला. पाटील कोपरखैरणे गावातला, मूळचा इथलाच, शर्यतीत गाडी तोच चालवायचा. आणि तिसरी मी. मी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेवढ्या पुण्याईवर मला घेतलं होतं. त्या विज्ञानाचा गाडीला काडीचा उपयोग झाला नाही, पण चहा मात्र मिळायचा.

कार्बोरेटरचं काम तसं सोपं. पेट्रोलमध्ये हवा कालवायची आणि इंजिनाला भरवायची. थंडीत हवा दाट होते, मग पेट्रोल कमी पडतं आणि गाडी शिंकते. म्हणून स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवायचं. जास्त वाढवलं की काळा धूर! त्यातून दोन्ही कार्बोरेटरांना हवा अगदी सारखी मिळायला हवी. अण्णा एक रबरी नळी घ्यायचे, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानात. डोळे मिटून हवेची सुळसुळ ऐकायची, आधी एकाची, मग दुसऱ्याची, आणि स्क्रू फिरवत दोन्ही आवाज जुळवायचे.

"ज्या दिवशी ही सुळसुळ ऐकू येणार नाही," अण्णा म्हणायचे, "त्या दिवशी गाडी मेननला."

मेनन चेंबूरचे. फियाटवर त्यांचा फार जीव. अण्णांनी एकदा शब्द दिला, तो त्यांनी पक्का धरून ठेवला. अधूनमधून रविवारी यायचे, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालायचे आणि मायेने विचारायचे, "अण्णा, कान कसे आहेत?"

*

एकदा कदम आले ते नाक वर करूनच. "आवो अण्णा, लय पेट्रोल जळतंय. वास घ्या की!"

आम्ही सगळ्यांनी वास घेतला. खरंच, काहीतरी उग्र जळकं येत होतं. अण्णांनी पेट्रोल कमी केलं. पुढच्या रविवारी पुन्हा तोच वास. आणखी कमी केलं. शेवटी गाडी इतकी उपाशी राहिली की गेटपर्यंत जाईना, नुसती फटफट शिंकायला लागली.

पाटील उशिरा आला. गाडी बंद, आम्ही तिघं बॉनेटमध्ये नाक खुपसून उभे. माईही चहाचा ट्रे घेऊन वास घेत होत्या!

"आरं, गारी बंद हाय ना?" पाटील म्हणाला. "मग वास कशाचा घेताव? ह्यो तर पलीकडच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचा. थंडीत सकालचा रोजच येतो!"

तेव्हापासून आमच्यात कशाचाही वास आला की आधी विचारायचं, "आपला की पट्ट्यातला?"

*

मी मुलांना शिकवायचे त्या आवाजात एकदा सांगितलं, "हवेचं तापमान मोजल्याशिवाय मिक्स्चर ठरवणं अशास्त्रीय आहे. थर्मामीटर पाहिजे." शाळेतला आणायचं मीच कबूल केलं आणि मीच विसरले.

कदम मात्र विसरले नाहीत. त्यांनी घरचा आणला. ताप बघायचा! छान धुऊन, पुसून, झटकून त्यांनी तो एअर फिल्टरच्या तोंडात ठेवला आणि घड्याळ लावून उभे राहिले. पारा जागचा हलेना. पुन्हा झटकला, पुन्हा ठेवला.

माई खिडकीतून बघत होत्या. "काय म्हणतेय तब्येत?"

"ताप न्हाय," कदम गंभीरपणे म्हणाले.

"मग अंघोळ घाला तिला," माई म्हणाल्या आणि आत गेल्या.

*

माईंचं आणि गाडीचं नातं हे असं होतं. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी पार्किंगवर. इतकी वर्षं इंजिनाची घरघर ऐकत त्यांनी पोळ्या लाटल्या. गाडीला त्या 'सवत' म्हणायच्या, आणि दसऱ्याला पहिला हार तिलाच घालायच्या. शर्यतीला मात्र एकदाही आल्या नव्हत्या. "ती धूळ आणि तो कल्ला तुम्हालाच लखलाभ!"

*

एका जानेवारीत ट्यूनिंग काही टिकेना. रविवारी बसवलेलं मिक्स्चर पुढच्या रविवारी बिघडलेलं. अण्णा हैराण झाले.

मग कळलं. पाटील येता-जाता गुपचूप स्क्रू थोडा उघडायचा, कारण गाडीत जोर पाहिजे. कदम कामावर जाता जाता तोच स्क्रू थोडा आवळायचे, कारण पेट्रोल वाया जाता कामा नये. दोघांनाही वाटायचं, आपण अण्णांना मदतच करतोय!

अण्णा कुणावर रागावले नाहीत. पुढच्या रविवारी आम्ही बॉनेट उघडलं, तर दोन्ही स्क्रूंवर एकेक लाल टिकली चिकटवलेली, अर्धी स्क्रूवर, अर्धी शेजारच्या धातूवर. स्क्रू हलला की टिकली फाटणार.

"सील आहे," अण्णा म्हणाले. "माईच्या आरशावरची."

त्यानंतर स्क्रूला हात लावायची कुणाची टाप झाली नाही. टिकलीला कोण हात लावणार!

*

आता जरा हळू सांगते.

माई कुकर लावायच्या, पण शिट्ट्या मोजायचं काम अण्णांचं. डोकं बॉनेटखाली असलं तरी ते तिथूनच ओरडायचे, "तिसरी झाली गं, बंद कर!" हे आम्हाला इतकं सवयीचं होतं की तिसऱ्या शिट्टीला आमचंही काम थांबायचं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी तिसरी शिट्टी झाली. चौथी झाली. पाचवी झाली. अण्णा कपड्याने प्लग पुसत बसले होते, शांतपणे. आम्ही एकमेकांकडे बघितलं. आतून डाळ लागल्याचा वास आला आणि या वेळी कुणीही 'आपला की पट्ट्यातला' विचारलं नाही.

माई खिडकीत आल्या. क्षणभर अण्णांच्या पाठीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला. पुढच्या रविवारपासून शिट्ट्या त्याच मोजायला लागल्या.

"अण्णांस्नी ऐकू येईना झालंय," कदम जिन्यात म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. माझेही. गाडी गेली तर अण्णांचं काय होईल, हे बोलून दाखवायची आम्हाला भीती वाटत होती. आणि आमच्या रविवारांचं तरी काय झालं असतं?

गंमत म्हणजे गाडी बिघडली नाही! आम्ही सकाळी खाली उतरायचो तर ट्यूनिंग आधीच झालेलं, दोन्ही आवाज जुळलेले, टिकल्या ताज्या.

"पहाटे कान साफ असतात," अण्णा म्हणायचे. आम्हीही मान डोलवायचो. मी तर विज्ञानाची शिक्षिका असून डोलवायचे!

*

मग मेनन आले. प्रदक्षिणा झाली. "अण्णा, कान कसे आहेत?"

अण्णांची पाठ होती. त्यांना काही कळलंच नाही.

"उत्तम!" मी, कदम आणि पाटील, तिघं एकदम ओरडलो.

मेनन दचकले. अण्णाही वळले आणि म्हणाले, "अरे मेनन! कधी आलात?"

*

शर्यतीचा दिवस. घाटाच्या पायथ्याशी खरी थंडी होती, वाशीतली लाडाची नव्हे. वाशीचं मिक्स्चर तिथे चालेना, गाडी शिंकायला लागली. ट्यूनिंग तिथेच, सगळ्यांसमोर करणं भाग होतं.

दोरीच्या आत ड्रायव्हर, मिस्त्री आणि एकच मदतनीस, असा नियम. पाटील स्टिअरिंगवर बसला. मदतनीस कोण, यावर मी आणि कदम महिनाभर भांडलो होतो. कदमांनी त्यासाठी नवी कानटोपी घेतली होती.

अण्णांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते वळून म्हणाले, "ऐकलंस का, चल."

मागे उभ्या असलेल्या सामानाच्या टेम्पोतून माई उतरल्या. डोक्यावरून शाल, साडीखाली कॅनव्हासचे बूट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! वाकून दोरीखालून आत गेल्या आणि गाडीशेजारी स्टुलावर बसल्या. शाल कानामागे सारली. अण्णांनी नळीचं एक टोक पहिल्या कार्बोरेटरपाशी धरलं. दुसरं माईंनी स्वतःच्या कानात घातलं, सवयीने, कानातली कुडी जरा बाजूला करून.

अण्णा इंजिनाकडे बघतच नव्हते. ते माईंच्या बोटांकडे बघत होते. बोट डावीकडे, स्क्रू डावीकडे. बोट थोडं उजवीकडे. मग तळहात उभा, बास. माईंनी कपाळावरची टिकली काढली आणि वाकून स्क्रूवर चिकटवली. नळी दुसऱ्या कार्बोरेटरकडे गेली.

तेवढ्यात मेनन दोरीपाशी आले. आम्हाला त्यांना अडवायचं सुचलंच नाही.

"अण्णा," त्यांनी मायेने विचारलं, "कान कसे आहेत?"

अण्णांचं लक्ष बोटांकडे. माईंनी कानातली नळी काढली नाही, की बोट हलू दिलं नाही.

"उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.