घोडबंदरच्या खाणीत पडलेली गोणी

गायमुखाची चढण उतरून बस घोडबंदरच्या दिशेनं वळली, उजव्या हाताला खाडी दिसली आणि मी मांडीवरची सॅक सरळ करून बसले. सॅकेत नाशिकच्या आमच्या ग्रुपनं घेतलेला नवा दोर, दोन हेल्मेटं आणि दोन नवी बिले डिव्हाइसं होती. ज्यांनी कधी कडा चढलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. वर चढणाऱ्याचा दोर खाली उभं राहून कुणीतरी धरतं, लागेल तसा सोडतं आणि चढणारा सुटला तर दोर रोखून त्याला थांबवतं. याला बिले देणं म्हणतात. अठ्ठावीस वर्षं मी हे काम लोखंडाच्या साध्या आठच्या आकड्यावर, म्हणजे 8 च्या आकाराच्या कडीवर केलं. नव्या डिव्हाइसच्या पोटात एक दाता असतो. झटका बसला की तो दोराला चावतो आणि दोर जागच्या जागी थांबतो.

निघाले होते मैत्रिणीच्या मुलीसाठी. फिलोमिना उत्तनची, मच्छीमारांच्या घरातली. कॉलेजात असताना आम्ही दोघी एका दोरावर चढायचो. तिची रिया एकोणीस वर्षांची, मीरा रोडच्या एका हॉलमधल्या लाकडी भिंतीवर शिकलेली. आता तिला खऱ्या दगडावर, वरून दोर न बांधता, पुढे राहून चढायचं होतं. फिलोनं फोनवर एकच अट घातली, "संध्या, दोर तू धरशील तर पोर चढेल. दुसऱ्या कोणाच्या हातात मी न्हाय देणार तिला."

मला काय, गुदगुल्याच झाल्या.

काशिमीऱ्याला उतरून भाईंदरसाठी रिक्षा केली. गोडदेवच्या गर्दीत अडकलो तेव्हा रिक्षावाल्यानं आरशातून दोर पाहिला. "दीदी, इतनी रस्सी? कुआँ खोदना है क्या?"

"नहीं भैया, लड़की को पहाड़ चढ़ाना है."

"घर में पूछा है ना उसके?"

"माँ ने ही बुलाया है," म्हटल्यावर त्यानं मान हलवली आणि उतरताना सॅक स्वतः उचलून दिली. पुढे उत्तनची बस. समुद्राकडे वळली तशी सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आला आणि मला कडकडून भूक लागली.

फिलोच्या घरी ताटात फुगे (आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे) आणि कोळंबीचं लोणचं तयारच होतं. जेवताना मी डिव्हाइस काढून दाखवलं. "हे म्हणजे जादू आहे गं. आपल्या वेळी असतं तर हाताची सालटी तरी निघाली नसती."

फिलोनं ते उलटंपालटं केलं. "बोटीवर नवा दोर आला की आमच्याकडं आधी गोणी लावतात त्याला. मग माणूस. उद्या गोणी टाकायची."

"अगं, हे कारखान्यातून तपासून येतं!"

"येऊ दे. गोणी टाकायची."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं डोंगरात काढल्यावर कुणी आपल्याला वाळूच्या गोणीची परीक्षा द्यायला लावतं, हा अपमानच वाटला.

सकाळी घोडबंदरच्या अलीकडच्या एका बंद पडलेल्या खाणीत पोचलो. काळा, सुरुंगानं कापलेला उभा कातळ, चढताना दोर अडकवायला मधे मधे ठोकलेले बोल्ट, खाली दगडांचा चुरा. हायवेवरच्या ट्रकचा आवाज तिथपर्यंत येत होता. जागा झकास. माझे हात शिवशिवायला लागले.

फिलोनं गोणी टेंपोतून उतरवली. "मासळीच्या काट्यावर तोलून आणली. बरोब्बर रियाएवढी हाय."

रियानं तिच्यावर हेल्मेट चढवलं, एक सेल्फी काढला आणि मागच्या पायवाटेनं वर गेली. स्वतःला नीट बांधून घेतलं, गोणी वर ओढून घेतली आणि तिला बांधलेला नवा दोर वरच्या बोल्टमधून खाली माझ्या डिव्हाइसपर्यंत सोडला. ठरलं असं, की मी चढणाऱ्याला देतात तसा दोर देत राहायचं आणि तिनं न सांगता गोणी ढकलायची. मी फिलोला म्हटलंसुद्धा, "बघ हं, हातभरसुद्धा जाणार नाही."

दोर भराभर द्यायचा तर डाव्या अंगठ्यानं दाता क्षणभर दाबून धरावा लागतो. मी दाबला. तेवढ्यात गोणी सुटली. आणि अठ्ठावीस वर्षांची सवय धावून आली: झटका आला की जे हातात असेल ते घट्ट आवळायचं. आठच्या आकड्यावर ते बरोबर होतं. इथं मी डिव्हाइसच आवळलं, अंगठ्यासकट. दाता दाबलेलाच राहिला, उजव्या हातमोज्यातून दोर सरसरत गेला, आणि गोणी कातळावर एकदा आपटून धप्पकन खाली आली. फाटली. वाळू माझ्या बुटांवर सांडली.

वरून रिया वाकून बघत होती. फिलो गोणीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ती गोणी नव्हती, ती पोर होती, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

"माझा हात चुकला," मी म्हणाले. "डिव्हाइस ठीक आहे. मी दाता दाबून धरला. आज मी दोर धरणार नाही, फिलो."

फिलोनं पिशवीतून सुई-सुतळी काढली आणि गोणी शिवायला बसली. रिया खाली आली, हातमोजे झटकले. "संध्यामावशी, आम्हाला हॉलमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. अंगठा लावला की लगेच काढायचा. काहीही झालं तरी उजवा हात दोरावर. चला, परत करू."

माझ्या निम्म्याहून कमी वयाची मुलगी मला दोर धरायला शिकवत होती, आणि मी मुकाट्यानं शिकत होते. दुपारपर्यंत गोणी पडत राहिली. दुसऱ्यांदा वावभर, दोन हात पसरावेत एवढी, खाली गेली, तिसऱ्यांदा थांबली. मग थांबतच गेली. पुढे तर रिया मला बोलण्यात गुंतवून, शिंकण्याचं सोंग करून ढकलायची, तरी थांबली. उन्हानं कातळ तापला, मानेवरून घाम निथळत होता, पण हाताला नवी सवय लागत होती.

मग फिलो उठली. तिनं स्वतः लेकीच्या कमरेची गाठ तपासली आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "धर."

"फिलो, नक्की?"

"धर म्हणते ना."

रिया चढली. चौथ्या बोल्टच्या वर तिचा पाय सटकला, "मावशी!" असं ओरडून ती सुटली, आणि दोर कट्ट करून थांबला. मी जमिनीवरून वीतभर उचलली गेले. वर ती झोक्यासारखी हलत हसत होती. पुन्हा चिकटली आणि माथ्यावर जाऊन बसली. फिलोनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पदरानं डोळे पुसले. मी तर सरळ रडले.

संध्याकाळी काशिमीऱ्याच्या नाक्यावर नाशिकची गाडी येईपर्यंत आम्ही दोघी उभ्या होतो. मला राहवेना. "सकाळी एवढं होऊनही तू माझ्याच हातात का दिलीस तिला?"

"हात चुकला म्हणालीस म्हणून. बोटीवर पण, चुकलो म्हणणाऱ्यालाच पुन्हा दोर देतात. दोरालाच शिव्या घालतो त्याला न्हाय देत."

गाडी दिसली. मी सॅक उचलली, पण तसंच निघवेना. नव्या उपकरणांबद्दल मी नाशिकला जाऊन पुष्कळ सांगणार होते, आणि सांगेनही; ती चांगलीच आहेत. पण खाणीत गोणी पडल्यावर माझ्या तोंडात आधी कुठलं वाक्य आलं होतं, ते फक्त मलाच ठाऊक होतं.

"फिलो, खरं सांगू? मी आधी डिव्हाइसच बिघडलंय असं म्हणणार होते."

"माहीत हाय," फिलो म्हणाली. "तोंड उघडलंवतंस ना तू. मी तेच बघत होते, कुठलं बाहेर येतंय."