वायपरच्या मोटरवर श्वास

“कोण म्हणतं?” असं विचारून त्या चष्म्यावरून बघायच्या, आणि समोरच्याला स्वतःचं नावही खात्रीनं सांगवायचं नाही. असं एखादं माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमच्या वाट्याला आल्या त्या सदाशिव पेठेतल्या निवृत्त भूलतज्ज्ञ. आम्ही त्यांना बाई म्हणायचो.

करोनाचं पहिलं वर्ष. व्हेंटिलेटर कुठेच मिळेनात, तेव्हा आम्ही काही इंजिनिअर मित्रांनी खडकीजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये एक यंत्र जुळवायला घेतलं. पेशंटला श्वास द्यायला दवाखान्यात हातानं दाबतात ती रबरी पिशवी, आणि ती दाबायला ट्रकच्या वायपरची मोटर. पिशवी आपोआप दबू-फुगू लागली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग तपासायला बाईंना बोलावलं.

त्यांनी आधी आम्हालाच तपासलं. “कंपनी काढायचीय का? की पेपरात फोटो हवाय?” मग यंत्राला कान लावला, नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे शोधले.

“मोटर उत्तम आहे हो बाई,” मी म्हणालो.

“कोण म्हणतं?”

“बनवणारे म्हणतात.”

“काच पुसायला उत्तम म्हणतात. काच मरत नाही.”

त्यांचं समाधान होण्याआधीच एका देणगीदारानं समारंभ ठरवला. यंत्र वाघोलीच्या एका लहान रुग्णालयाला द्यायचं होतं. हार आले, मोबाइल सरसावले. टेबलावर यंत्र चाचणीसाठीच्या एका रबरी फुप्फुसाला श्वास देत होतं. भाषण सुरू असताना बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटला.

पिशवी थांबली. बॅटरी सुरू व्हायला हवी होती, झाली नाही. वीज गेल्याचा इशारा देणारा भोंगाही वाजला नाही. बाई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत शांतपणे उभ्या राहिल्या.

“गेला पेशंट,” त्या म्हणाल्या. “आता हार कुणाला घालायचा ते ठरवा.”

“बाईंना कुणीतरी मुद्दाम पाठवलंय,” त्या संध्याकाळी एक मित्र म्हणाला. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाई डबा घेऊन हजर. “हं, उघडा ती बॅटरी.” आत एक वायर सैल होती. ती पक्की केली, भोंग्याला स्वतंत्र सेल दिला. यंत्र वर्कशॉपमध्येच राहिलं, आणि पुढे कित्येक दिवस आम्ही चहा पीत असताना त्या मागून जाऊन प्लग काढायच्या. भोंगा किंचाळला की आम्ही दचकायचो. त्या मात्र बिस्किट खात राहायच्या.

दुसऱ्या लाटेत वाघोलीहून फोन आला. शाळेची बस चालवणारा एक माणूस, घशात नळी घातलेली, आणि शहरात बेड मिळेपर्यंत श्वास द्यायला यंत्र नाही.

“आपलं चालेल का बाई?”

“माहीत नाही. म्हणून मी येते.”

मी टेम्पोतून यंत्र नेलं, त्या त्यांच्या स्कूटरवरून आल्या. साठी उलटलेली, आणि अंगावर तो घुसमटवणारा पांढरा पोशाख चढवून त्या खाटेशी बसल्या. मांडीवर दुसरी पिशवी, हातानं दाबायची. मी काचेबाहेर होतो. भर दुपारी वीज गेली. भोंगा वाजला. यंत्र क्षणभरही अडखळलं नाही, पण बाईंचे दोन्ही हात केव्हाच पिशवीवर गेले होते. वीज येईपर्यंत त्यांनी यंत्रावरची नजर हलवली नाही. एखाद्या चोराकडे बघावं तसं त्या त्याच्याकडे बघत होत्या.

संध्याकाळी बेड मिळाला, अँब्युलन्स त्याला घेऊन गेली. तो माणूस वाचला. पुन्हा बस चालवू लागला.

मागच्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच, म्हणाले घरचे. मला आठवते ती वाघोलीच्या त्या संध्याकाळची वेळ. रुग्णालयाच्या फाटकाशी त्यांनी घामानं भिजलेला चेहरा पुसला आणि स्कूटरची किल्ली माझ्यापुढे धरली.

“तुम्ही चालवा. मला जमणार नाही आता.”

टेम्पो तिथेच ठेवला. नगर रस्त्याला मी स्कूटरचा आरसा नीट केला. खड्डे चुकवत, सावकाश निघालो. मागून एखादी सूचना येईल म्हणून कान टवकारले होते. येरवड्याच्या आसपास त्यांचं डोकं हळूच माझ्या पाठीवर टेकलं. बाईंना झोप लागली होती. मी वेग आणखी कमी केला.