आईसाठी माती की आग

आमच्या मंडळीच्या पंचांनी गेल्या महिन्यात ठराव केला, की माझ्या आईला मेल्यावर जाळलं तर पाळक येणार नाहीत, चर्चची घंटा वाजणार नाही आणि मंडळी गीत म्हणायला जमणार नाही. आई अजून जिवंत आहे. हे लिहितोय तेव्हा ती ओसरीत बसून तांदूळ निवडते आहे. ठराव झाला तेव्हाही ती समोरच बसली होती, आणि त्या पंचांमध्ये मीही एक होतो. राग कोणावर काढायचा हे ठरवताना पहिलं नाव माझंच येतं. पण माझं नाव पहिलं आलं म्हणून बाकीचे सुटत नाहीत.

आई लग्नाच्या आधीपासून ख्रिस्ती. भंडाऱ्याला दवाखान्यात आया म्हणून कामाला होती, तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला. बाबा शहापूरच्या बौद्ध घरातले. दोघांनी एकमेकांना बदलायचा प्रयत्न केल्याचं मला आठवत नाही. बाबा दर रविवारी तिला सायकलवर चर्चपर्यंत आणायचे आणि उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे. नाताळचा केक मात्र आत येऊन, हक्कानं दोन तुकडे मागून खायचे. बुद्धपौर्णिमेची खीर आई करायची. बाबा गेले तेव्हा त्रिशरण म्हणून त्यांना तलावाकाठच्या घाटावर अग्नी दिला. राख आम्ही शेतावर नेली, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खड्डा करून त्यात ठेवली आणि वर जांभळाचं रोप लावलं. आता त्याला फळं येतात. आईला तिथेच जायचं आहे. तिला जाळावं आणि तिची राख त्या झाडाच्या बुडाशी ठेवावी, एवढंच तिचं म्हणणं.

हे तिनं एकदम काढलं नाही. ती पवित्र शास्त्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचते, संपलं की परत सुरुवातीपासून, ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं. एकदा वाचता वाचता थांबली आणि तिनं मला हाक मारली. इस्राएलच्या पहिल्या राजाची गोष्ट होती. लढाईत तो मेला, शत्रूंनी त्याचं प्रेत भिंतीला टांगलं. एका गावच्या माणसांनी रातोरात जाऊन ते काढून आणलं, जाळलं आणि हाडं झाडाखाली पुरली.

"पाह्य, जाळलं ना? आन् झाडाखाली ठेवलं ना? देव रागावला असं कुठी लिवलं हाये?"

मी म्हणालो, "नाही लिहिलं."

"मंग माहं तसंच करजो. पण चोरून नको. मंडळीले इचार. मंडळीनं गाणं नाही म्हटलं तर माह्या जीवाले बरं नाही वाटनार."

म्हणून मी विचारलं. रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत पंच बसले. आईही येऊन खुर्चीवर बसली. तिला बाहेर थांबा म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

आमचे पाळकसाहेब नगरकडचे, वयानं माझ्यापेक्षा लहान, अभ्यासू माणूस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आजी, त्याच ठिकाणी पुढे हाडं पुरली असंही आहे. म्हणजे शेवट मातीतच झाला."

"तं माहीही राख मातीतच टाका ना साहेब. मी का वाऱ्यावर उडवा म्हणून राहिली?"

दोघं-तिघं हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. "प्रश्न राखेचा नाही. प्रत्येकानं घरी बसून आपापला अर्थ काढायचा, तर मंडळी कशाला हवी? तुमसरच्या त्या माणसाचं काय झालं, ठाऊक आहे ना? विश्वासानं रोग जातो असं त्यानं एकट्यानंच वाचलं आणि बायकोच्या साखरेच्या आजाराच्या गोळ्या फेकून दिल्या. तिचा पाय कापावा लागला."

हे खरं होतं. त्या बाईला दवाखान्यात भेटायला मीही गेलो होतो. पाळकसाहेबांच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच मी गप्प बसलो. निदान स्वतःला मी तसं सांगितलं.

पंचांमधले सगळ्यात जुने गृहस्थ बाबांचे मित्र. ते आईला समजावू लागले, "वैनी, आपल्या आजा-पणज्यापासून पुरूनच राहिले. रीत हाये ते. रीत कायले मोडता?"

"भाऊजी, तुमच्या पोरीच्या हळदीत माह्या पातळाचं वाटोळं झालं. अजून डाग नाही गेला. ते हळद कोन्त्या अध्यायात हाये?"

"ते समाजाचं झालं, वैनी."

"आन् मरन कोनाचं? सरकारचं?"

पाळकसाहेबांनी ठरावाची वही पुढे ओढली.

मला संताप येतो तो इथे. कोणती रीत? आमच्या कब्रस्तानात जागा उरली नाही, तेव्हा जुन्या कबरी उकरून त्यातच नवी माणसं ठेवायचं याच पंचांनी ठरवलं. त्या दिवशी कोणी शास्त्र उघडलं नाही, आजा-पणजाही कोणाला आठवला नाही. साथीच्या दिवसांत आमच्यातलेच एक जण नागपूरला वारले, आणि तिथे त्यांना विद्युतदाहिनीत दिलं. मंडळीनं फोनवर प्रार्थना केली, गीतं म्हटली. ते बरोबरच होतं. मी स्वतः त्यात रडलो. मग बाहेरून लादलेली आग चालते, आणि म्हाताऱ्या बाईनं नवऱ्याच्या मायेपोटी मागितलेली चालत नाही, हे कोणत्या परंपरेत बसतं?

आणि ते "एकट्यानं"! तुमसरच्या माणसानं कोणालाच विचारलं नव्हतं. आईनं विचारलं. जे वाचलं ते घेऊन ती मंडळीपुढे आली, खुर्चीवर बसली, म्हणाली, सांगा. मंडळीसोबत वाचायचं ते आणखी कसं असतं? मी चुपचाप उरकून मोकळा झालो असतो, तर हेच पाळकसाहेब चौथ्या दिवशी घरी येऊन, चहा घेऊन, प्रार्थना करून गेले असते. शिक्षा झाली ती विचारल्याची.

हे सगळं मी आज लिहितोय. तिथे बोललो नाही. मत द्यायची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "माझ्या घरचा विषय आहे, मी मत देत नाही." माझा समंजसपणा सगळ्यांना आवडला. एकानं तर पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जाणवतो. मला भीती कशाची होती, तर पुढच्या रविवारी या लोकांच्या बाकावर बसायची. एवढीच. आईसाठी मी एवढंही पणाला लावलं नाही.

ठराव वाचून झाला. आई उठली नाही.

"मेल्यावर नाही म्हनत ना गाणं? मंग आत्ताच म्हना. जित्या बाईसाठी गाणं म्हनाले तं कोनता नियम आडवा येत नाही."

पाळकसाहेब टेबलाकडे बघत राहिले. म्हातारे गृहस्थ नुसतंच "वैनी, वैनी" म्हणाले. आई माझ्याकडे वळली. "तू सुरू कर, बापा. तुले येते."

मला येतं. लहानपणापासून येतं. मी म्हणालो, "आई, घरी चल."

घरी आल्यावर तिनं मीठ-भाकर पुढे ठेवली. मी ताट बाजूला सारलं. तिच्यापुढे बसून म्हणालो, "तू म्हणतेस तसंच होईल. धुऱ्यावर नेईन. गीत मी म्हणेन, एकटा म्हणेन."

"आज काहून नाही म्हटलं?"

"भ्यालो."

तिनं मान हलवली. रागावली नाही, समजूतही काढली नाही. मग म्हणाली, "पाळकसाहेबाले बलावजो. येतीन का नाही ते त्यायचं त्यायच्याजवळ. आपन बलावाचं सोडाचं नाही. आन् भाऊजीले पन. त्यायले तं येनंच लागते, माह्या पातळाचा हिशोब बाकी हाये."

ती हसली. मला हसू आलं नाही.

मी बोलावीन, तिचा शब्द म्हणून. दार उघडं ठेवीन. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थना मी अजून केलेली नाही.